धोत्र्याला न जुमानणारा स्नायु

ज्या अवयवाचें नांव चारचौघांत घेण्यास आपण संकोचतों, त्याविषयीं आज बोलावयाचें आहे. मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नव्हे. त्याची भिंत स्नायूंची असते, आणि तिनें केव्हां आकुंचन पावावें हें मज्जातंतु सांगतात. परंतु तंतूचा निरोप स्नायूला पोंचतो कसा? एका साध्याशा निरीक्षणामुळें हा प्रश्न पाऊणशें वर्षें अडून राहिला होता.

१८९५ सालीं केंब्रिजच्या लँग्ली व अँडरसन ह्यांनीं प्राण्यांच्या ओटीपोटांतील तंतूंना विजेचे धक्के देऊन मूत्राशयाचें आकुंचन तपासलें. मग अॅट्रोपिन दिलें. हें द्रव्य बेलाडोनांत असतें, तसेंच आपल्या धोत्र्यांतही असतें. त्यानें तोंडाला कोरड पडते, नाडी जलद होते. मूत्राशय मात्र धक्क्यासरशी आकुंचन पावतच राहिला!

पुढें १९०५ मध्यें लँग्लीनेंच पेशींत एखादें ‘ग्राहक द्रव्य’ असावें, अशी कल्पना मांडली. १९२१ मध्यें ओटो लोवी ह्यानें बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तंतु आपला निरोप रसायनाच्या हातीं धाडतात. तें रसायन अॅसिटिलकोलीन ठरलें, आणि १९३६ चें नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल ह्यांना मिळालें. अॅट्रोपिन ह्या रसायनाच्या ग्राहकांची वाट अडवितें, हेंही कळलें. मग मूत्राशय स्वस्थ कां बसत नाहीं? रसायन स्नायूच्या इतक्या निकट सुटतें कीं अॅट्रोपिनला मध्यें शिरतांच येत नाहीं, असें डेल व गॅडम ह्यांनीं १९३० मध्यें सुचविलें. युक्तिवाद चतुर खरा. पण त्यानें प्रश्न सुटला नाहीं, झांकला गेला.

१९७० च्या सुमारास मेलबर्न येथें जेफ्री बर्नस्टॉक ह्यांनीं निराळाच निरोप्या पुढें केला. पेशीचें इंधन म्हणून सर्वांस ठाऊक असलेलें एटीपी! इंधनच निरोप पोंचवितें, हें पुष्कळांना पटेना. गिनीपिगच्या मूत्राशयावरील प्रयोगांनीं पुरावा वाढत गेला. १९९४ मध्यें एटीपीच्या ग्राहकांचे जनुकही हातीं आले.

माणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. निरोगी मनुष्याच्या मूत्राशयांत जवळजवळ सारें काम अॅसिटिलकोलीन व त्याचा एम-३ नांवाचा ग्राहक हेच करतात. एटीपीचा वांटा रोगट मूत्राशयांत वाढलेला दिसतो. वारंवार लघवीची घाई होते म्हणून प्रवास टाळणारीं, लग्नकार्यास न जाणारीं वडीलधारीं माणसें घरोघर आहेत. त्यांना एम-३ अडविणाऱ्या गोळ्या देतात. पण तोच ग्राहक लालापिंडांतही असल्यामुळें तोंड सुकतें, आणि कित्येक जण औषध सोडून देतात. म्हणून २०११ मध्यें जपाननें मिराबेग्रॉन ह्या औषधास मान्यता दिली. तें एम-३ ला हात लावीत नाहीं; बीटा-३ ह्या दुसऱ्याच ग्राहकाकरवीं, मूत्राशय भरत असतां त्याची भिंत सैल ठेवतें.