फेज कॉन्स्टंट म्हणजे काय? झोक्यापासून थ्री फेज मोटरपर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावात 'फेज' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. थ्री फेज आली की मोटर सुरू, एक फेज गेला की बंद. बारावीच्या भौतिकशास्त्रात हाच शब्द 'दोलने' या प्रकरणात भेटतो आणि मुलं तिथे अडखळतात. मूळ कल्पना मात्र एकच आहे.

सूत्र काय सांगतं?

सरल आवर्ती गतीत, विस्थापन = आयाम × साइन (ओमेगा × वेळ + फाय).

आयाम म्हणजे वस्तू मध्यापासून जास्तीत जास्त किती दूर जाते. ओमेगावरून दोलनाचा वेग कळतो. फाय म्हणजे फेज कॉन्स्टंट. घड्याळ सुरू केलं त्या क्षणी वस्तू कुठे होती आणि कुठे निघाली होती, हे तो सांगतो.

झोक्यावर पाहू

४ मीटर दोराचा नागपंचमीचा झोका हळूच हलवला, तर एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ४ सेकंद लागतात. झोका मधून उजवीकडे जाताना घड्याळ सुरू केलं, तर फाय ०°. उजव्या टोकाला असताना सुरू केलं, तर ९०°. झोका तोच, आवर्तकाल तोच. बदलली ती फक्त मोजणीची सुरुवात.

गुण कुठे जातात?

सुरुवातीला वस्तू आयामाच्या निम्म्या अंतरावर असेल, तर फाय ३०° किंवा १५०° येतो. वस्तू मध्यापासून दूर जात असेल तर ३०°, परत येत असेल तर १५०°. म्हणून नुसती जागा पाहून चालत नाही, दिशाही पाहावी लागते.

मोटरशी संबंध काय?

एकट्या फायची किंमत घड्याळ कधी सुरू केलं त्यावर ठरते. पण दोन दोलनांच्या फायमधला फरक खरा असतो, घड्याळ बदलून तो पुसता येत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तीन फेजांचे व्होल्टेज सारखेच, पण एकमेकांच्या १२०° म्हणजे सुमारे ६.६७ मिलिसेकंद मागेपुढे. या क्रमामुळेच मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र फिरतं. कोणत्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की क्रम उलटतो, मोटर उलटी फिरते आणि पंपाचं पाणी कमी होतं. चालू मोटरचा एक फेज गेला, तर उरलेल्या वायरींतला करंट वाढून वाइंडिंग जळू शकतं. म्हणूनच स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात.