बर्फाच्या काठाची बखर

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्री बर्फाची उपग्रहांनी सलग मोजदाद सुरू केली ती १९७८ च्या अखेरीस. त्याआधी हा बर्फ कुठवर पसरत असे, याची साक्ष द्यायला त्या ओसाड समुद्रावर कोणी नव्हते असे वाटेल. माझ्या मते साक्षीदार होते आणि त्यांतला सर्वांत चिवट होता शेवाळ. बर्फाच्या तळाशी, खाऱ्या पाण्याच्या केसासारख्या बारीक वाटांत राहणारी शैवाले थंडी आणि मीठ सोसण्यासाठी पेशींत गंधकाचे एक संयुग साठवतात. वसंतात बर्फ वितळला की ते पाण्यात सुटते आणि जिवाणू त्याचे डायमिथाइल सल्फाइड करतात. समुद्राच्या ओळखीच्या वासात या वायूचा वाटा असतो. हवेत त्यापासून सल्फ्युरिक आणि मिथेनसल्फोनिक ही आम्ले बनतात. त्यांतून सूक्ष्म कण घडतात, वाढतात आणि त्यांवर ढगांचे थेंब धरतात. सल्फेट ज्वालामुखीतून आणि कोळशाच्या धुरातूनही येते. मिथेनसल्फोनिक आम्ल मात्र जवळजवळ सगळे समुद्रातल्या जीवांचे. बर्फासोबत ते खंडावर पडते आणि थरांत गाडले जाते.

पूर्व अंटार्क्टिकातल्या लॉ डोम येथील हिमगाभा तपासून मार्क करन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की, उपग्रहांच्या काळात या आम्लाचे प्रमाण आणि लगतच्या बर्फाचा विस्तार जुळतात. त्या हिशेबाने १९५० च्या सुमारापासून बर्फ सुमारे २० टक्के घटलेला दिसतो. हे आम्ल थरांतून सरकते आणि वेडेल समुद्राकडे त्याचे प्रमाण वाऱ्यावर अधिक अवलंबून असते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून लॉ डोमची साक्ष त्या पट्ट्यापुरतीच धरावी. पण देवमाशांच्या शिकारी जहाजांच्या नोंदींवरून विल्यम डे ला मेअर यांनी १९९७ सालीच मांडले होते की १९५० च्या दशकाचा मध्य ते १९७० च्या दशकाची सुरुवात एवढ्या काळात बर्फाची उन्हाळी कड २.८ अक्षांश दक्षिणेला सरकली. जहाजावरून दिसणारी कड आणि उपग्रहाची कड एक नव्हे, शिवाय शिकारीच्या जातीही बदलल्या, म्हणून या आकड्यावरही वाद झाला. तरी शिकाऱ्याच्या वहीतली चूक शेवाळाच्या आम्लात शिरू शकत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

खरा धक्का ग्रीनलंडने दिला. तिथल्या गाभ्यांत औद्योगिक काळात हे आम्ल कमी झालेले पाहून २०१९ साली उत्तर अटलांटिकच्या उपध्रुवीय भागातली वनस्पतिप्लवके घटल्याचा निष्कर्ष निघाला. २०२३ साली गंधकाची समस्थानिके मोजली, तेव्हा कळले की सजीवांपासून आलेले सल्फेट त्याच काळात वाढले होते. धुराने हवेचे रसायन बदलले, वायूची वाट सल्फेटकडे वळली आणि आम्लातली घट तिथे भरून निघाली. दक्षिणेत हा धूर फार कमी पोचतो, म्हणून लॉ डोमची साक्ष मी ग्राह्य धरतो. उत्तरेत मात्र सल्फेट मोजल्याशिवाय एकट्या आम्लावरून शेवाळाचा इतिहास सांगता येत नाही.