बापाचे दान, लेकीचे पुस्तक

मुलाने कवितांची वही पुढे ठेवावी आणि बापाने फंडातून छापखान्याचे बिल चुकते करावे, हा प्रकार आपल्या मंडळींत नवा नाही. सरकार मात्र यास दान म्हणते.

मृत्युकर चिंतामणराव देशमुखांच्या कारकिर्दीत, १९५३ साली आला. तो चुकविण्याची सोपी वाट म्हणजे हयातीतच मुलांना देऊन मोकळे होणे! केंब्रिजचे निकोलस काल्डोर यांनी १९५६ च्या अहवालात दानावरही कर सुचविला, आणि १९५८ च्या अंदाजपत्रकात तो खुद्द पंडित नेहरूंनी मांडला. कर भरावयाचा देणाऱ्याने. वर्षाकाठी १०,००० रुपयांपर्यंत माफी असल्याने काव्यसंग्रहाच्या बापास धास्ती नव्हती. मुलांच्या शिक्षणाप्रीत्यर्थ दिलेल्या वाजवी रकमेसही सूट होती. पण काव्यसंग्रह हे शिक्षण की हौस? आम्हां कारकुनांस असल्या प्रश्नांचा मोह फार.

१ ऑक्टोबर १९९८ पासून दानकर उठला. २००४ साली दानावरील कर परतला तो घेणाऱ्याच्या माथी. आईबापांनी दिलेली रक्कम मात्र त्यातून वगळली गेली.

खरी मेख निराळीच आहे. १९९२ च्या वित्त अधिनियमाने अज्ञान मुलांचे उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळविले. परंतु मुलाने स्वतःच्या कौशल्याने वा प्रतिभेने मिळविलेले त्यातून वगळले. म्हणजे बापाने लेकीच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज बापाच्या हिशेबी, आणि बारा वर्षांच्या त्या लेखिकेचे लेखनाचे मानधन तिचे स्वतःचे.