मॉरिशसला गेलेल्यांचा संसार

शाळेच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा टांगलेला असेल तर त्यात मादागास्कर बेट शोधा. त्याच्या उजव्या हाताला, समुद्रात, शाईचा शिंतोडा उडावा तसा एक ठिपका दिसेल. तो मॉरिशस. आकाराने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. या एवढ्याशा बेटावर १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख माणसे मजुरीच्या करारावर नेण्यात आली. त्यांत बिहारची माणसे सर्वांत जास्त, त्याखालोखाल तमिळ व तेलुगू मुलखातली. कोकणातली आणि घाटावरची आपली माणसेही त्यांत होती. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडी, पण इतकी थोडीही नव्हे की त्यांचा मागमूस पुसला जावा.

ही माणसे कशी नेली, त्यांचे हाल कसे झाले, हे पुस्तकांतून पुष्कळदा सांगितलेले असते, आणि ते सांगायलाच हवे. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जहाजातून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय? चूल कुठे मांडली? पाण्याला काय म्हणायचे, ते कोणाला विचारले? पोराला मुलगी कुठली पाहिली? माणूस परक्या मुलखात जातो एका दिवसात, पण तिथला होतो तो अशा बारीकसारीक गोष्टींतून, आणि त्याला वर्षे लागतात. आज तेवढीच हकीकत आपण पाहू.

प्रथम थोडी मागची कथा. हे बेट मुळात निर्मनुष्य होते. डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिकेतून व मादागास्करमधून गुलाम आणून उसाचे मळे उभे केले. १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकले, पण मळेवाले फ्रेंचच राहिले, त्यांची भाषा राहिली, त्यांचा कायदाही बहुतांशी राहिला. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, ते त्यांनी आपल्याकडून मागवले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. तो दिवस मॉरिशसमध्ये आजही सुट्टीचा असतो.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर सोळा दगडी पायऱ्या आहेत. १८४९ मध्ये तिथे मजुरांचे आगार बांधले गेले. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. या पायऱ्या चढून माणूस वर आला की त्याला मिळायचा एक नंबर. नाव विचारीत, बापाचे नाव विचारीत आणि कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई तसे ते रोमन लिपीत लिहिले जाई. आता पाहा, आपल्याकडचा माणूस नाव सांगणार सखाराम, बापाचे नाव बाबाजी. कागदावर चढले की पुढच्या पिढीला बाबाजी हेच आडनाव! अशी बापाच्या किंवा आजाच्या नावाची आडनावे तिथल्या मराठी घरांत सर्रास आढळतात. गावचे आडनाव, कुळी, देवक हे सारे त्या कारकुनाच्या टेबलाशी गळून पडले. कोणी मुद्दाम पुसले असे नाही. रकाना नव्हता, एवढेच.

आगारात दोन दिवस ठेवून मग मळ्यांवर वाटणी होई. महिना पाच रुपये, तांदूळ, डाळ, तेल, मीठ आणि वर्षाकाठी थोडे कापड, असा साधारण करार. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, ही तिथली रीत. मळ्याच्या कडेला गवताने शाकारलेल्या झोपड्यांची वस्ती असे, तिला कॅम्प म्हणत. एका झोपडीत छपऱ्याचा माणूस, शेजारी विशाखापट्टणचा, पलीकडे मालवणचा. तिघांनी एकमेकांशी बोलायचे कोणत्या भाषेत?

इथे मला या कथेतला सर्वांत रसाळ भाग दिसतो. संख्येने बिहारी जास्त, म्हणून कॅम्पात चालू लागली भोजपुरी. मळ्याचा मुकादम, दुकानदार, जुने मुक्त झालेले गुलाम यांच्याशी चालायची क्रिओल, म्हणजे फ्रेंच शब्द घेऊन गुलामांनी घडवलेली बोली. तिची गंमत अशी की फ्रेंचमध्ये नामाआधी येणारी छोटी उपपदे तिने नामालाच चिकटवून टाकली. पाण्याला ‘दिलो’, तांदळाला ‘दिरी’, घराला ‘लाकाझ’. व्याकरणाच्या शिक्षकांनी नाक मुरडावे अशी ही गोष्ट खरी, पण विचार करा, ज्यांना भाषा कोणी शिकवलीच नाही, फक्त हुकूम ऐकवले, ते शब्द कानावर पडतात तसेच उचलणार ना? आपल्या लोकांनीही ते तसेच उचलले. उलट त्यांनीही त्या बोलीला काही दिले. रोटी, मसाला, तवा हे शब्द आज क्रिओलमध्ये अगदी घरचे आहेत.

जेवणाचेही असेच. ओळखीचे काही दिसले की माणसाचा जीव थाऱ्यावर येतो. तिथे पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात. अळूचा पाला तिथे होता, त्याचे नाव ‘ब्रेद सोंज’. शेवग्याचा पाला होता, त्याला तमिळ मजुरांमुळे ‘ब्रेद मुरूम’ हे नाव पडले. कोकणातून गेलेल्या बाईने परसात अळू पाहिला असेल तेव्हा तिला नाव माहीत नसले तरी भाजी माहीत होती. चिंच होती, आंबा होता, नारळ होता. मोठी अडचण होती ती वेगळीच.

ती म्हणजे बायकांची. सुरुवातीच्या जहाजांतून पुरुषच पुरुष गेले. मळेवाल्याला हात हवे होते, संसार नको होता. पुढे सरकारला पुरुषांच्या प्रमाणात स्त्रिया पाठवण्याचे नियम करावे लागले. माझे तर स्पष्ट मत आहे की मॉरिशसमधली हिंदी वसाहत खऱ्या अर्थाने सुरू झाली ती त्या स्त्रिया तिथे पोचल्यावर, ३६ पुरुष उतरले त्या दिवशी नव्हे. बाई आली की चूल आली, परसात मिरची आली, दारात गाय आली. आणि तरीही कायदा काय म्हणे? फ्रेंच वळणाच्या कायद्यानुसार सरकारी दप्तरात नोंद नसेल तर ते लग्न लग्नच नव्हे. मांडवात, अग्नीसमोर, पाच माणसांच्या साक्षीने लागलेले लग्न कागदावर शून्य, आणि पोरे अनौरस. बाप मेला की जमिनीच्या, पैशाच्या वारशाचे भांडण उभे राहायचे ते या एका गोष्टीवरून.

हे सारे चालू असता परतीची वाट हळूहळू बुजत गेली. पहिल्या करारांत मुदत भरल्यावर फुकट परत आणण्याची हमी असे. १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती काढून घेतली गेली. ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे साठले तो परत आला. असे परतलेले पुष्कळ होते, हे विसरू नका. बाकीचे राहिले. १८६१ च्या शिरगणतीत बेटावरच्या दर पाच माणसांत तीन हिंदी होती.

म्हणजे माणसे राहिली, पण त्यांना राहू द्यायचे मात्र कोणाच्या मनात नव्हते. करार संपलेल्या मजुराने पुन्हा करारच करावा, स्वतंत्र धंदा करू नये, यासाठी १८६७ मध्ये कडक कायदा झाला. प्रत्येकाने आपला फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा, तो भटक्या नाही हे पोलिसाला दाखवायचे. भाजी विकायला शेजारच्या जिल्ह्यात गेलेला माणूस पास नाही म्हणून तुरुंगात, असे हजारोंच्या बाबतीत घडले. त्याच सुमारास, १८६६ ते १८६८ या काळात, हिवतापाची अशी साथ आली की पोर्ट लुई शहर ओस पडू लागले आणि ज्यांना परवडले ते वरच्या थंड पठारावर राहायला गेले.

या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये एक अर्ज गव्हर्नराकडे गेला. त्यावर ९,४०१ हिंदी माणसांच्या सह्या व निशाण्या होत्या. तो लिहून देणारा अडोल्फ द प्लेविट्झ हा स्वतः गोरा, मळ्याच्या धंद्यातलाच. त्याला हद्दपार करा म्हणून त्याच्याच जातभाईंनी ओरड केली. पण त्या अर्जामुळे विलायतेहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जाच पुढे काहीसा सैल झाला. नऊ हजार माणसांनी अंगठा उठवायला किती धीर लागला असेल याची कल्पना करा. पास तपासणारा पोलीस उद्या पुन्हा भेटणारच होता.

मग नशिबाचा फासा पडला तो अशा ठिकाणाहून, की ज्याचा कोणी विचार केला नव्हता. युरोपात बीटापासून साखर होऊ लागली, उसाच्या साखरेचा भाव पडला, आणि मळेवाल्यांना पैशाची चणचण भासू लागली. १८८० च्या आसपास त्यांनी मळ्याच्या कडेचे, डोंगरउताराचे, दगडाळ तुकडे विकायला काढले. घेणार कोण? ज्याने दूध विकून, भाजी विकून, बायकोच्या अंगावर चांदी करून पै-पै राखली होती तो. दलालाने सांगितले होते म्हणे, की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोने सापडते. त्या दगडांचे ढिगारे आजही उसाच्या शेतांत मनोऱ्यासारखे उभे दिसतात. ते रचले मजुरांनी, जमीन मोकळी करताना. सोने कोणालाच मिळाले नाही. पण नंबर घेऊन उतरलेल्याच्या नातवाच्या नावावर दोन एकर ऊस झाला, आणि स्वतःच्या मालकीच्या जमिनीच्या कडेला गाव वसले. कॅम्प सुटला तो असा.

गाव वसले की देऊळ आले आणि देवळाबरोबर ‘बैठका’ आली. आपल्या चावडीसारखे हे ठिकाण. संध्याकाळी मुले तिथे अक्षरे गिरवीत, मोठी माणसे रामायण ऐकत. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना महात्मा गांधी काही दिवस तिथे थांबले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी सांगितले. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मजुरांची बाजू मांडायला तिथे गेले. या साऱ्याचे फळ १९४८ मध्ये दिसले. नव्या घटनेप्रमाणे मताचा हक्क मिळवायला साधी वाक्ये लिहिता-वाचता येणे पुरे होते, आणि इंग्रजी-फ्रेंचच नव्हे, हिंदुस्थानी, तमिळ अशा भाषाही चालत होत्या. शिक्षक बंधूंनो, कंदिलाच्या उजेडात पाटीवर गिरवलेले ग म भ न मतपेटीपर्यंत पोचल्याचे असे उदाहरण तुम्हाला फार ठिकाणी सापडणार नाही. वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ रोजी, मॉरिशस स्वतंत्र झाला.

आता आपल्या मराठी मंडळींकडे वळू. वाकोआ गावाच्या बाजूला आणि पश्चिमेच्या काळी नदी जिल्ह्यात त्यांची वस्ती राहिली. संख्येने थोडे असल्याने त्यांना दुहेरी जुळवून घ्यावे लागले, बेटाशी एकदा आणि बिहारी बहुसंख्येशी दुसऱ्यांदा. परिणाम असा झाला की घरातून मराठी बोलणे गेले. भोजपुरी आली, मग तीही मागे पडून क्रिओल आली. हे नुकसानच आहे, त्यावर पांघरूण घालू नये. पण बोलणे गेले तरी गणपती गेला नाही. भाद्रपदात तिथे घरोघरी मातीची मूर्ती बसते, आरती होते, वाजतगाजत विसर्जन होते, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. त्या दिवसांत फेर धरून, ताल धरून जो नाच करतात त्याला ते ‘झाकरी’ म्हणतात. रत्नागिरीकडच्या श्रोत्यांना हे नाव वेगळे सांगायला नको. तुमच्या वाडीतली जाखडी ती हीच. पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोणाच्या तरी पायातल्या ताला-ठेक्याबरोबर ती जहाजात चढली.

गाणाऱ्याला शब्दांचा अर्थ दर वेळी लागतोच असे नाही. शब्द रोमन लिपीत लिहून पाठ केलेले असतात. परंतु तिथल्या प्राथमिक शाळांतून मराठी हा विषय घेता येतो, पुढे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत तो वरच्या वर्गांपर्यंत शिकता येतो. त्याच संस्थेच्या दप्तरखान्यात आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आणि पासासाठी काढलेले जुने फोटो जपून ठेवले आहेत. नंबर ठाऊक असला तर माणूस तिथे जाऊन पणज्याचे पान उघडून पाहू शकतो. त्यावर जहाजाचे नाव असते, वय असते, आणि गावाचे व जिल्ह्याचे नाव कारकुनाच्या स्पेलिंगात असते. ते वाचून इथले गाव नेमके कोणते हे ओळखायचे तर कोकणातल्या, साताऱ्याकडच्या माणसाचीच मदत लागते. असे कोणी तुमच्या तालुक्यात विचारीत आले, तर जुन्या गावठाणांची नावे सांगणारा एखादा म्हातारा त्याला जरूर दाखवून द्या.