बार्शीची प्रार्थना ठोंबरे : क्रमवारीच्या खालच्या पायऱ्यांवरील टेनिस

टेनिस म्हटले की विम्बल्डनचे हिरवे मैदान आणि कोट्यवधींची बक्षिसे डोळ्यांपुढे येतात. मात्र व्यावसायिक टेनिसपटूंपैकी बहुतेकांची कारकीर्द त्या झगमगाटापासून दूर, लहान स्पर्धांमध्ये घडते. प्रार्थना ठोंबरे हे त्याचे ठळक मराठी उदाहरण होय. पांढुर्णा आणि सौसर या सीमेवरील गावांतील मराठी पालकांना तिचा प्रवास विशेष जवळचा वाटावा. कारण तीही महानगरातून नव्हे, तर तालुक्याच्या गावातून पुढे आली.

प्रार्थनाचा जन्म 1994 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. पुढे तिने हैदराबाद येथे सानिया मिर्झा हिच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले. 2014 च्या इंचेऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत सानियासोबत खेळताना तिने महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवले. त्या वेळी तिचे वय अवघे 20 वर्षे होते.

2016 च्या रिओ ऑलिम्पिकसाठीही हीच जोडी निवडली गेली. सानिया तेव्हा दुहेरीत जगात अव्वल होती, तर प्रार्थना दोनशेच्या आसपास. दुहेरीतील पहिल्या दहा खेळाडूंना ऑलिम्पिकमध्ये थेट प्रवेश आणि आपल्या देशातील सहकारी सोबत घेण्याची मुभा होती. त्यामुळे क्रमवारीतील एवढ्या अंतरानंतरही ही जोडी उतरू शकली. पहिल्याच फेरीत चीनच्या झांग श्वाई आणि पेंग श्वाई यांच्याकडून ती 6-7, 7-5, 5-7 अशी पराभूत झाली. पेंग ही दुहेरीतील माजी अव्वल खेळाडू. तिच्याविरुद्धचा सामना सुमारे पावणेतीन तास चालला, हे या पराभवाचे मोल सांगण्यास पुरेसे आहे.

ऑलिम्पिकनंतर खेळाडूला पुन्हा नेहमीच्या वाटेवर परतावे लागते. ही वाट आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धांची. महिलांच्या या स्पर्धा एकूण बक्षीस रकमेनुसार ओळखल्या जातात. सर्वांत खालच्या पायरीवर ही रक्कम 15 हजार डॉलर असते आणि वरच्या पायरीवर एक लाख डॉलर. 15 हजार डॉलर ऐकायला मोठे वाटतात. पण ते एकेरी व दुहेरीतील सर्व खेळाडूंत वाटले जातात. एकेरीच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. दुहेरीत रक्कम आणखी कमी, शिवाय ती दोघींत विभागलेली. विमानभाडे, राहणे, जेवण, प्रशिक्षक आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र.

क्रमवारीही स्वस्थ बसू देत नाही. मिळवलेले गुण 52 आठवड्यांनी गळून पडतात. दुखापतीमुळे काही महिने विश्रांती घेतली, तर वर्षाची कमाई हातची जाते. दुहेरीत प्रवेश साधारणपणे दोघींच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. त्यामुळे योग्य जोडीदार मिळणे हेही कौशल्याइतकेच महत्त्वाचे ठरते. या दृष्टीने पुणे, सोलापूर अशा शहरांत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे महत्त्व मोठे आहे. घराजवळ गुण मिळाले, तर परदेश प्रवासाचा एक खर्च वाचतो.

क्रमवारीतील स्थान आणि पदक यांचे गणित नेहमी जुळत नाही, हे महाराष्ट्राच्याच ऋतुजा भोसले हिनेही दाखवले. 2023 मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. एकेरीत पहिल्या शंभरात नसलेल्या खेळाडूसाठी देशाचे प्रतिनिधित्व हीच अनेकदा सर्वांत मोठी संधी असते.

मुलीच्या हाती रॅकेट देणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच दोन्ही बाजू पाहाव्यात. तालुक्याच्या गावातून ऑलिम्पिकच्या मैदानापर्यंत वाट जाते, हे बार्शीने दाखवले आहे. त्या वाटेवरील बहुतेक मुक्काम मात्र मोजक्या प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या खर्चाने करावे लागतात.