कोशाची नक्कल आणि एक निसटलेले गृहीतक

एका वहीतल्या नोंदी दुसऱ्या वहीत उतरवायच्या, यात अवघड ते काय? संगणकालाही हे काम वरचेवर करावे लागते. प्रोग्रॅमिंगमध्ये ‘डिक्शनरी’ म्हणजे जोड्यांचा कोश. हजेरीपटात क्रमांक आणि त्यापुढे नाव असते, तशी येथे ‘की’ आणि तिची ‘व्हॅल्यू’. एका कोशातल्या जोड्या दुसऱ्यात टाकण्याच्या या साध्या कामाने २०१६ साली जाणकारांनाही चकवले. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

जानेवारी १९५३ मध्ये आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी एक टिपण लिहिले. नोंद शोधण्यासाठी सगळी यादी चाळण्याऐवजी कीवरूनच गणिताने एक आकडा काढावा आणि तो सांगेल त्या खणात नोंद ठेवावी, ही त्यातली कल्पना. यालाच ‘हॅशिंग’ म्हणतात. पण दोन कींच्या वाट्याला एकच खण आला तर? १९५४ मध्ये आयबीएममध्येच जीन अ‍ॅमडाल, इलेन मॅकग्रॉ आणि आर्थर सॅम्युएल यांनी सोपा तोडगा काढला: रिकामा खण मिळेपर्यंत पुढे सरकत जायचे. १९६३ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी या सरकण्याचे गणित मांडले. पुरेसे खण रिकामे ठेवले, तर सरासरीने थोडेच सरकावे लागते. मात्र त्यात एक गृहीतक होते: येणारी प्रत्येक की कोणत्याही खणात सारख्याच शक्यतेने पडते.

नक्कल करताना नेमके हेच मोडते. सोपे आकडे घेऊ. हॅशच्या आकड्याला खणांच्या संख्येने भागल्यावर उरणारी बाकी हा खणाचा क्रमांक. जुन्या कोशात २००० खण आणि १२०० नोंदी आहेत. नवा कोश लहान असतो आणि भरत आला की वाढतो. समजा, तो १००० खणांचा झाला आहे आणि ९०० भरल्यावर पुन्हा वाढणार आहे. जुना कोश आपण क्रमाने वाचतो. त्याच्या पहिल्या १००० खणांतल्या सुमारे ६०० नोंदी नव्यात सर्वत्र पसरतात. पुढच्या सुमारे ३०० नोंदी १००० ते १४९९ या खणांतल्या. १००० ने भागल्यावर त्यांची बाकी ० ते ४९९ येते! म्हणजे साऱ्यांना नव्या कोशाचा पूर्वार्धच हवा. तेथे रिकामे खण उरले आहेत जेमतेम २००. उरलेल्या शंभर नोंदींना भरलेले खण ओलांडत पुढे जावे लागते. कोश दुप्पट केला, तर अशा नोंदी दुप्पट आणि ओलांडण्याचे अंतरही दुप्पट. म्हणून श्रम चौपट.

रस्ट या भाषेत २०१६ मध्ये हेच आढळले. तेथे हॅश काढताना एक गुप्त आकडा मिसळत, पण तो दोन्ही कोशांना सारखाच असे. प्रत्येक कोशाला वेगळा आकडा दिल्यावर जुन्या क्रमाचा नव्या खणांशी संबंध उरला नाही आणि अडचण सुटली.

क्नुथ यांचे गणित चुकलेले नव्हते. त्याची अट नजरेतून निसटली होती. फळ्यावर २० आणि १० चौकोन आखून, १२ नोंदी घेऊन हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. सूत्र कोणत्या अटीवर खरे ठरते, हे विद्यार्थ्यांना त्यातून स्वतःच पाहता येईल.