सुप्याच्या बाजारात अमेरिका

२०२५च्या मे महिन्यात आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांना धडा शिकवला, त्याला १२ मे रोजी १५० वर्षं पूर्ण होतायत, असा. इथपर्यंत ठीक होतं. पण खाली कुणीतरी लिहिलं, 'बाहेरून आलेल्यांना तेव्हाच कायमचं हाकलायला हवं होतं.' त्यावर भराभर अंगठे पडले. पाच मिनिटांत माझा एक वर्गमित्र ग्रुप सोडून गेला. त्याच्या घरचं किराणा दुकान आहे. त्याचे आजोबा राजस्थानातून इथे आले तेच मुळी १९५० नंतर. १८७५शी त्या घराचा संबंध एवढाच, की ते दुकान चालवतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझं गाव बारामती तालुक्यात, सुप्यापासून मोटारसायकलवर वीस मिनिटं. सुपे म्हणजे मोरगावजवळचं, चिंकाऱ्यांच्या अभयारण्याचं. नगर रस्त्यावरचं पारनेरचं सुपे वेगळं. तो मेसेज वाचून मला राग आला, पण लाज जास्त वाटली. कारण उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. 'दख्खनचे दंगे' हे शब्द शाळेत वाचले होते, त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती. पण ते दंगे ज्या बाजारात सुरू झाले तिथेच मी आजीचा हात धरून शेव-रेवडी घ्यायला जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं ते ऑफिसातल्या एका लखनौच्या मित्राने. दोन वर्षं यूपीएससीचा अभ्यास करून तो आमच्या टीममध्ये आला होता. मी गावाचं नाव सांगितल्यावर म्हणाला, 'सुपे? ते वह्या जाळलेलं?' एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात त्याने ते प्रकरण वाचलं होतं. लखनौच्या मुलाला माझा बाजार माहीत होता, मला नव्हता.

मग मी वाचायला बसलो.

१२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले. सुपे तेव्हाही बाजाराचं मोठं गाव. जमावाने सावकारांची दुकानं गाठली आणि खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले. हाती लागले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. हे लोण पुणे जिल्ह्यातून नगरकडे गेलं आणि तीसहून अधिक गावांत पसरलं. सरकारने नंतर चौकशीसाठी आयोग नेमला. त्याच्या अहवालातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जमावाला मुख्यतः कागद हवे होते. जिथे सावकाराने ते मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक वेळा त्याला हात लावला गेला नाही.

कागदच का? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांचीच मुदत दिली. हेतू असा, की व्याज साचत जाऊ नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा देत होता. आणि कोर्टात शब्दाला किंमत नव्हती, कागदाला होती.

पण शेतकऱ्याच्या डोक्यावर एवढं कर्ज चढलं कसं? इथे गोष्ट सुप्यातून बाहेर पडते आणि थेट अमेरिकेत जाते.

१८६०पर्यंत इंग्लंडच्या कापडगिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. तो पिकवणारे आणि वेचणारे होते तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतले गुलाम. त्या देशात तेव्हा जवळजवळ ४० लाख माणसं गुलामीत होती. १८६१मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडायला लागल्या. मग व्यापाऱ्यांचं लक्ष मुंबईकडे वळलं. कापसाचे भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा जुगार रंगला.

सुपे काही वऱ्हाड-खानदेशासारखा कापसाचा पट्टा नव्हे. इकडे ज्वारी-बाजरी. तरी तेजीची ऊब इथेही पोचली. धान्याचे भाव वाढले. त्याच सुमारास रेल्वेची कामं जोरात होती (भोर घाटातून गाडी १८६३मध्ये सुरू झाली), त्यामुळे मजुरी आणि बैलगाड्यांचं भाडंही वाढलं. शेतकऱ्याची पत वाढली. सावकार मागेल तेवढं देऊ लागला, कारण त्यालाही वरून पैसा मिळत होता.

१८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. मुंबईत भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. सावकाराचा पैसा आटला, त्याने हात आखडता घेतला आणि वसुली सुरू केली. नेमकी त्याच सुमारास जुन्या शेतसाऱ्याची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. सरकारने तेजीच्या दिवसांचा हिशोब धरून सारा बराच वाढवला. भाव उतरले, सारा चढला, उधारी बंद झाली. ही तिन्ही टोकं सुप्याच्या बाजारात येऊन मिळाली.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की पहिला नियम असतो: लॉगमधली शेवटची ओळ म्हणजे कारण नव्हे. बिघाड दिसतो एका जागी, सुरू झालेला असतो भलतीकडेच. सुप्याच्या लॉगमधली शेवटची ओळ म्हणजे दुकानात बसलेला सावकार. त्याची लबाडी खरी होती, ती कुणी नाकारू नये. पण गोष्ट तिथेच थांबवली, की उरतो फक्त 'बाहेरचा'. आणि दीडशे वर्षांनी तो व्हॉट्सॲपवर एखाद्या किराणा दुकानदाराच्या नातवात सापडतो.

शाळेत इतिहास कुणाचा शिकवावा, आपला की जगाचा, हा वाद मी लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत ऐकलाय. काका म्हणतात, 'फ्रेंच राज्यक्रांती शिकून पोरांना काय मिळणार? आपलं शिकवा.' ऑफिसातले म्हणतात, 'गावाचं काय घेऊन बसलाय, पोरं उद्या जगात जाणारेत.' दोघांनाही वाटतं की एका तासिकेची वाटणी करायची आहे, तुम्ही जास्त घेतलंत तर आम्हाला कमी.

माझी शाळा आठवली की मला चूक दुसरीकडेच दिसते. तिसरीत आम्हाला आमच्या जिल्ह्याचं वेगळं पुस्तक होतं. चौथीत शिवाजी महाराज आले. शहाजीराजांच्या जहागिरीत 'पुणे, सुपे' वाचल्यावर अख्ख्या वर्गाने बाकं वाजवली होती. मग राज्य, मग देश, मग जग. वरच्या इयत्तेत गेलो की खालची पायरी मागे राहायची. गाव हा आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा विषय झाला. आणि ज्या वयात कर्ज, बाजारभाव, कायदा कळायला लागतो, त्या वयात गाव पुस्तकातून गायब झालं होतं. अमेरिकेतली गुलामगिरी आणि सुप्यातले दंगे आमच्यासाठी दोन वेगळे प्रश्न होते, तेही जेमतेम दोन-दोन मार्कांचे.

नववीच्या वर्गाला एक दिवस सुप्याच्या बाजारात नेलं तर? एकच प्रश्न द्यायचा: इथे वह्या का जळल्या? उत्तर शोधत पोरं आपोआप कोर्टात जातील, रेल्वेवर जातील, मुंबईला, लँकेशायरला आणि शेवटी मिसिसिपीच्या काठच्या कापसाच्या शेतात पोचतील. जगाचा इतिहास त्यांना परका वाटणार नाही, आणि गावाच्या इतिहासाला शत्रू लागणार नाही. पुढची पायरीही आहे. १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन कर्ज मुळात किती होतं हे तपासता येऊ लागलं. वर्तमानातला कुठलाही कागद पुढे आला की त्याच्या मागे काय आहे ते बघायचं, हे शिकवायला याहून चांगला धडा मला सुचत नाही.

त्या रात्री मी हे सगळं सोप्या मराठीत, दहा-बारा ओळींत ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. एका दादाने विचारलं, 'एवढं टाइप करायला वेळ कुठून मिळतो रे?' त्यानंतर कुणीतरी कांद्याचे भाव टाकले आणि विषय संपला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मित्राच्या दुकानात बसलो होतो. ग्रुपवर परत ये, असं मी म्हटलं नाही. तो मेसेज त्याला फोनवर दाखवला. त्याने सावकाश वाचला, गिऱ्हाइकाला साखर तोलून दिली, मग म्हणाला, 'हे शाळेत असताना का नाही सांगितलं कुणी?'

आम्ही दोघं दहा वर्षं एकाच बाकावर बसायचो.